फ्रान्स-बेल्जियम सीमेवरचं फ्लँडर्स: युद्धभूमी, फ्लेमिश गावं आणि आपल्याकडच्या सैनिकांची नावं

माळरान

नमस्कार मंडळी,

युरोपला जाणारे आपल्यातले बरेच जण पॅरिस, ब्रसेल्स, ब्रूज असं फिरून येतात. या शहरांना जोडणाऱ्या महामार्गांच्या जरा बाजूला, उत्तर समुद्रापासून लीस नदीपर्यंत एक सपाट, ओलसर, हिरवा पट्टा पसरलेला आहे. निम्मा बेल्जियममध्ये, निम्मा फ्रान्समध्ये. दोन्हीकडे गावांची नावं फ्लेमिश (डचच्या जवळची इथली भाषा), घरं विटांची, चौकात उंच घंटाघर, आणि गावाबाहेर पांढऱ्या दगडांची एकसारखी ओळ असलेली दफनभूमी. या भागाबद्दल मराठीत फार कमी लिहिलेलं आढळतं, म्हणून हा धागा.

आधी सीमेबद्दल, कारण ती समजली की बाकीचं आपोआप उलगडतं. हा सगळा जुना फ्लँडर्स परगणा. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या युद्धांत त्याचे तुकडे पडले. डंकर्क त्याने १६६२ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सकडून चक्क विकत घेतलं. १६७७ मध्ये कासेलजवळ लढाई जिंकली आणि पुढच्याच वर्षी नाइमेगनच्या तहात कासेल आणि ईपर दोन्ही फ्रान्सला मिळाली. १७१३ च्या उट्रेख्टच्या तहात ईपर परत गेलं, कासेल फ्रान्सकडेच राहिलं. आज एक बेल्जियन आणि दुसरं फ्रेंच आहे ते एवढ्यावरूनच. दोन्ही गावांतल्या शेतकऱ्यांची बोली त्या दिवशी एकच होती. नकाशावरची ती रेघ आजही शेतांमधून जाते. एखाद्या गल्लीत डाव्या हाताचं घर फ्रान्समध्ये आणि उजव्या हाताचं बेल्जियममध्ये असतं.

माझं आग्रहाचं सांगणं असं की हा भाग पाहायचा तर सीमेच्या दोन्ही बाजूंनी पाहा, आणि सुरुवात नव-शापेलपासून करा.

नव-शापेल हे फ्रान्समधलं छोटं गाव. चौकापासून थोडं बाहेर, रस्त्याला लागून पहिल्या महायुद्धातल्या भारतीय सैनिकांचं स्मारक आहे. हर्बर्ट बेकर यांनी आराखडा केला, ७ ऑक्टोबर १९२७ ला अनावरण झालं. गोलाकार आवार, मधे अशोकस्तंभाची आठवण करून देणारा सुमारे १५ मीटर उंच स्तंभ, त्याच्या दोन बाजूंना दगडी वाघ. वर्तुळाची अर्धी बाजू दगडी जाळीची, सांचीच्या कठड्यासारखी, आणि उरलेल्या अर्ध्या भिंतीवर नावं. ४,७०० हून जास्त. ही सगळी अशी माणसं, ज्यांना वेगळी कबर किंवा दहनाची ज्ञात जागा नाही. स्तंभावर 'ईश्वर एक आहे, विजय त्याचाच' या अर्थाचं वाक्य देवनागरीतही कोरलेलं आहे. सभोवार बटाट्याची आणि बिटाची शेतं असताना ती अक्षरं वाचताना मला बराच वेळ काही बोलता आलं नाही.

एक गोष्ट तिथे शोधून पाहाच. १९६४ मध्ये लावलेल्या एका कांस्य फलकावर आणखी २१० नावं आहेत. हे जर्मनीत युद्धकैदी म्हणून वारलेले सैनिक, बर्लिनजवळच्या झेहरेन्सडॉर्फच्या दफनभूमीतले. तेव्हा ती जागा पूर्व जर्मनीत गेली होती, म्हणून त्यांची नावं इथे आणली.

तिथून चाळीसेक किलोमीटरवर ईपर, म्हणजे ब्रिटिश पुस्तकांतलं ईप्र. मेनिन गेटच्या कमानीवर थडगं न सापडलेल्या ५४,००० हून जास्त सैनिकांची नावं आहेत, त्यांत चारशेच्या वर भारतीय. रोज रात्री आठला वाहतूक थांबते आणि बिगूल वाजतो. १९२८ पासूनचा हा रिवाज फक्त दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन ताब्याच्या काळात तुटला. गेटच्या बाजूने तटावर चढलं की भारतीयांसाठीचं छोटं स्मारक आहे, तेही बघा.

प्रश्न विचारा, भर घाला. मला फ्रेंच बाजू जास्त माहीत आहे. बेल्जियन बाजूबद्दल तिथे राहणाऱ्यांनी लिहावं.

गेंटनिवासी

छान धागा. गेली काही वर्षं गेंटला राहतोय, म्हणून जरा भर.

गेंटहून कोर्ट्रेकमार्गे ईपरला रेल्वे आहे, पोपेरिंगे हे त्या मार्गाचं शेवटचं स्टेशन. तिथून पुढे सीमा ओलांडणारी गाडी नाही. फ्रेंच बाजूला लीलहून आझब्रूक आणि डंकर्कला गाड्या मिळतात. कासेल स्टेशन टेकडीच्या पायथ्याशी दुसऱ्याच गावात आहे, वर चढून जावं लागतं. त्यामुळे दोन्ही बाजू नीट बघायच्या तर गाडी भाड्याने घ्या, नाहीतर सायकल. सायकलचे रस्ते क्रमांकांनी जोडलेले आहेत. प्रत्येक फाट्यावर आकडा लिहिलेला असतो, कागदावर चार-पाच आकडे टिपून घेतले की फोन न बघता दिवसभर फिरता येतं. जमीन सपाट आहे, पण वारा समोरून आला तर चढावर चालवल्यासारखं वाटतं, तेवढा हिशोब ठेवा.

ईपरबद्दल एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. कापड बाजाराची ती भव्य, मध्ययुगीन दिसणारी इमारत विसाव्या शतकात बांधलेली आहे. १९१८ मध्ये संपूर्ण शहर मातीला मिळालं होतं. चर्चिल यांचं म्हणणं होतं की हे अवशेष स्मारक म्हणून तसेच राखावेत. पण गावकरी परत आले. पत्र्याच्या आणि लाकडी झोपड्यांत राहिले आणि त्यांनी आपलं गाव होतं तसं, वीट न् वीट पुन्हा उभं केलं. कापड बाजाराचं काम १९६७ पर्यंत चाललं. आत जे संग्रहालय आहे त्याला किमान अर्धा दिवस द्या. मला स्वतःला हजारो थडग्यांपेक्षा या गावकऱ्यांचा हट्ट जास्त हलवतो.

आणि एक दुरुस्ती: नव-शापेल काटेकोरपणे पाहिलं तर शेजारच्या आर्त्वा प्रांतात येतं, फ्लेमिश बोलणारा भाग त्याच्या उत्तरेला सुरू होतो.

माळरान

गेंटनिवासी, बरोबर. उंबरठ्यावरचं गाव म्हणू या. पण भारतीय सैन्याची १९१४-१५ ची कहाणी उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना आहे, म्हणून मी ते यात घेतलं.

खडकीकर

या धाग्यावर लिहायलाच हवं, कारण आमच्या खडकीचा याच्याशी थेट संबंध आहे.

बॉम्बे सॅपर्सचं केंद्र खडकीला. तेव्हा त्यांचं नाव '३ री सॅपर्स अँड मायनर्स'. त्यांच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या भारतीय सैन्याच्या लाहोर डिव्हिजनबरोबर सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस मार्सेलला उतरल्या. सॅपरचं काम पूल बांधणं, खंदक खणणं, सुरुंग लावणं. पण २८ ऑक्टोबर १९१४ ला माणसं कमी पडत होती म्हणून या दोन कंपन्यांना ४७ व्या शीख पलटणीबरोबर पायदळासारखं नव-शापेलवर हल्ल्याला पाठवलं. मोकळ्या शेतातून, समोर मशिनगन. ते गावात शिरले, घराघरातून लढले आणि मदत न आल्याने मागे फिरले. दोन्ही कंपन्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले. शिकलेल्या, तयार कारागीर सैनिकांच्या कंपन्या एका दिवसात मोडल्या.

बॉम्बे सॅपर्समध्ये शीख आणि मुसलमानांबरोबर मराठेही भरती होत. म्हणजे पुण्याच्या एका उपनगरातून निघालेली माणसं त्या भिंतीवर आहेत. भिंतीवरची नावं पलटणीनुसार लावलेली आहेत, त्यामुळे सॅपर्सचा भाग लगेच सापडतो. माळरान, तुम्ही तिथे देवनागरी वाचून थांबलात, आमच्याकडच्या माणसाने सॅपर्सच्या फलकापुढेही थांबावं ही विनंती.

उंबरफूल

प्रश्न मनापासून विचारतेय, कुणाला दुखवायचं नाही. ही माणसं इंग्रजांच्या साम्राज्यासाठी लढली, आपल्यासाठी नाही. स्तंभाच्या माथ्यावर ब्रिटिश मुकुट आहे असं वाचलं. अशा ठिकाणी जाऊन आपण नक्की कोणाला मान देतो?

माळरान

उंबरफूल, प्रश्न रास्त आहे. मुकुट आहे, आणि तो खुपतोही. पण माझ्यापुरतं उत्तर त्या सैनिकांच्या पत्रांतून मिळालं. लष्करी टपाल तपासनीस ही पत्रं उघडायचे, त्यांतले उतारे इंग्रजीत करून ठेवायचे. ते अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यांत साम्राज्याचा गौरव करणारे आहेत, पगार, जमीन, घरची पेरणी यांची काळजी करणारे आहेत, घरच्यांना 'तुम्ही भरती होऊ नका' असं आडून सुचवणारेही आहेत. त्यांना पर्याय किती होता, पगाराच्या पैशावर किती घरं चालत होती, हे आपल्याला ठाऊक आहे. मी मान देतो तो त्या माणसांना. मुकुट इंग्रजांनी बसवला, नावं आपल्या गावांची आहेत.

आणि न जाण्याने त्यांना न्याय मिळत नाही. पश्चिम आघाडीवर, म्हणजे फ्रान्स-बेल्जियममध्ये, सव्वा लाखाहून जास्त भारतीय येऊन गेले, तरी कित्येक दशकं युरोपच्या इतिहासात ते तळटीपेपुरते होते. जे तिथे जाऊन नावं वाचतात त्यांच्यामुळेच हे थोडं बदललं.

खडकीकर

सहमत. शिवाय एप्रिल १९१५ आठवा. २२ तारखेला जर्मनांनी ईपरपाशी क्लोरीन सोडला, या आघाडीवरचा पहिला मोठा विषारी वायूहल्ला. चार दिवसांनी लाहोर डिव्हिजनला दक्षिणेकडून पायी आणून थेट त्यात लोटलं. वायूपासून बचावाला ओला कपडा. जमादार मीर दस्त यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो याच दिवशी, २६ एप्रिलला, जखमी अधिकाऱ्यांना उचलून आणल्याबद्दल. त्याआधी ऑक्टोबर १९१४ मध्ये होलेबेके गावापाशी खुदादाद खान यांना मिळाला, तो भारतीय सैनिकाला मिळालेला पहिला. होलेबेके ईपरहून सायकलने सहज होतं.

आजीचा_डबा

जूनमध्ये आईबाबांना घेऊन जाण्याचा विचार आहे. दोघेही शाकाहारी, बाबा अंडंही खात नाहीत. खाण्याचं कसं? आणि फार चालणं नको.

गेंटनिवासी

ताई, सगळ्यात आधी एक गोष्ट: बेल्जियममध्ये बटाट्याचे तळलेले काप शाकाहारी धरू नका. परंपरेने ते गाईच्या चरबीत तळतात. हल्ली बऱ्याच ठिकाणी तेल वापरतात, पण प्रत्येक ठिकाणी विचारून घ्या. उत्तर फ्रान्समध्येही तेच.

सीमेवरच्या जुन्या फ्लेमिश खानावळींना 'एस्तामिने' म्हणतात. लाकडी बाकं, छताला टांगलेल्या जुन्या वस्तू, लाकडी खेळ. तिथलं मुख्य जेवण मांसाचं: बिअरमध्ये शिजवलेलं गोमांस, थंड जेलीतलं चार प्रकारचं मांस. शाकाहारी माणसाला भाजीचं सूप, मारुआल चीजची खारी टार्ट आणि 'वेल्श' मिळू शकतं. वेल्श म्हणजे पावावर बिअरमध्ये वितळवलेलं चीज, त्यात हॅम असतं, ते वगळायला सांगा. टार्टमध्ये अंडं असतं, म्हणजे बाबांना चालणार नाही. चीजमध्ये प्राणिज रेनेट असतं, तेही कडक पाळत असाल तर लक्षात घ्या. मार्चच्या सुमारास गेलात तर पोपेरिंगेला हॉप्सचे कोवळे कोंब मिळतात, दुर्मीळ आणि महाग, पण शुद्ध भाजी. एरवी ईपरमध्ये मुक्काम स्वयंपाकघर असलेल्या घरात करा, म्हणजे वरणभाताची सोय राहील.

चालण्याचं म्हणाल तर ईपर सोपं आहे. चौक, संग्रहालय, मेनिन गेट सगळं जवळ. टाइन कॉट या राष्ट्रकुलाच्या युद्ध-दफनभूमीला गाडीने जा, तिथे वर्षानुवर्षं सांभाळलेली हिरवळ आहे आणि जवळजवळ बारा हजार थडगी. आईबाबांना लांगेमार्कची जर्मन दफनभूमीही दाखवा. काळसर दगड जमिनीला टेकलेले, ओकची झाडं, फुलं जवळपास नाहीत. दोन्ही एकाच दिवशी बघितल्यावर युद्ध हरलेल्या बाजूचा शोक कसा वेगळा दिसतो ते कळतं.

सागरगोटा

डंकर्कबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून मी.

२६ मे ते ४ जून १९४०, जर्मनांच्या वेढ्यातून ३,३८,२२६ सैनिक समुद्रमार्गे सुटले हे सगळ्यांना माहीत असतं. त्या वाळूत भारतीयही होते हे कमी जणांना. रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोरच्या खेचरांच्या तुकड्या, मुख्यतः पंजाबी मुसलमान, फ्रान्समध्ये ब्रिटिश सैन्याला मालवाहतुकीसाठी दिल्या होत्या. खेचरं मागे सोडावी लागली, बहुतेक माणसं इंग्लंडला पोचली, एक तुकडी जर्मनांच्या हाती लागली.

मालो-ले-बें ते झुईडकोत हा किनारा ओहोटीच्या वेळी चाला. वाळूतून बुडालेल्या बोटींचे गंजलेले सांगाडे वर येतात. भरती-ओहोटीच्या वेळा आधी बघा, पाणी झपाट्याने चढतं. शहरातल्या जुन्या बुरुजात १९४० चं संग्रहालय आहे. डंकर्क परिसरातल्या शहर बसेस सप्टेंबर २०१८ पासून सगळ्यांना फुकट आहेत. जवळच्या बेर्गलाही जा. लुईचा किल्लेतज्ज्ञ व्होबाँ याने मजबूत केलेली तटबंदी, पाण्याने भरलेले खंदक, आणि पिवळ्या विटांचं घंटाघर. जुनं घंटाघर जर्मनांनी १९४४ मध्ये जाता जाता सुरुंग लावून पाडलं, हे नंतर बांधलेलं.

डंकर्क मात्र त्यानंतरही सुटलं नाही. पॅरिस ऑगस्ट १९४४ मध्ये मुक्त झालं, डंकर्कमधली जर्मन फौज ९ मे १९४५ ला शरण आली. जगासाठी १९४० ची कहाणी सुटकेची आहे, गावासाठी ती पाच वर्षांच्या कोंडीची सुरुवात होती. वाटेत एस्केलबेक-वोर्मूलाही थांबा. २८ मे १९४० ला एसएसच्या सैनिकांनी तिथे ऐंशीच्या आसपास युद्धकैद्यांना एका गोठ्यात कोंबून मारलं. शेतात छोटं स्मारक आहे, गर्दी नसते.

हिवाळ्यात गेलात तर डंकर्कचं कार्निव्हल चुकवू नका. ख्रिश्चनांच्या लेंटच्या उपवासाआधीचे ते आठवडे कोळ्यांचा उत्सव असतो. आइसलँडच्या समुद्रात मासेमारीला जाण्याआधीचा निरोप होता तो. माणसं रंगीबेरंगी छत्र्या घेऊन हातात हात गुंफून रस्ते भरून टाकतात, नगरपालिकेच्या सज्जातून हेरिंग मासे खाली फेकतात, आणि शेवटी सगळं गाव गुडघ्यावर बसून याँ बारचं गाणं म्हणतं. हा सतराव्या शतकातला डंकर्कचा दर्यावर्दी, लुईच्या नौदलात मोठा झाला, आणि घरची भाषा फ्लेमिश. आपल्या दर्यावर्दी लोकांचे सण पाहिलेल्या माणसाला ते गुडघ्यावर बसणं समजावून सांगावं लागत नाही.

बोलीभाषा

फ्लेमिश संस्कृतीबद्दल विषयात लिहिलंय म्हणून विचारते, फ्रेंच बाजूला ती भाषा आज कुणी बोलतं का?

माळरान

फार थोडे, आणि बहुतेक वयस्कर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून शाळेतून फ्लेमिश काढून टाकलं गेलं. १९४० च्या दशकात तिथल्या फ्लेमिश चळवळीतले काही पुढारी, विशेषतः धर्मगुरू आबे गांत्वा, जर्मनांच्या बाजूने गेले. युद्धानंतर भाषेबद्दल बोलणंही संशयास्पद ठरलं. पोटच्या पोरांशी आईबाप फ्रेंचमध्ये बोलायला लागले. एका पिढीत भाषा घराबाहेर गेली ती अशी. २०२१ मध्ये फ्रेंच शिक्षण खात्याने शाळांत शिकवता येणाऱ्या प्रादेशिक भाषांत पश्चिम फ्लेमिशचा समावेश केला. उशीर फार झालाय, तरी मला त्याचा मनापासून आनंद झाला.

भाषा गेली तरी गावपण राहिलं. कासेलला रोएझ पापा आणि रोएझ मामा हे दोन राक्षसाकृती पुतळे मिरवणुकीत नाचवतात. त्यांना उचलणारी माणसं आत दिसत नाहीत, बाहेर बँड वाजत असतो. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या अशा पुतळ्यांच्या मिरवणुका युनेस्कोच्या यादीत आहेत. कासेलची टेकडी फक्त १७६ मीटर, पण आजूबाजूला सगळं सपाट असल्याने वरून दोन देश दिसतात. फ्रेंच सेनानी मार्शल फॉश यांनी १९१४-१५ मध्ये इथूनच आघाडी चालवली. १९२७ मध्ये नव-शापेलच्या अनावरणाला तेही हजर होते.

गेंटनिवासी

बेल्जियन बाजूला भाषेची कहाणी उलटी गेली, आणि तीही युद्धामुळेच. त्यासाठी डिक्समाऊडेला जा.

ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियन सैन्य आयझर नदीपर्यंत मागे आलं. न्यूपोर्टचे जलद्वार उघडून समुद्राचं पाणी शेतात सोडलं. कोणती दारं कधी उघडायची हे स्थानिकांनाच ठाऊक होतं, हेन्ड्रिक गेरार्ट नावाच्या नावाड्याने त्यात मदत केली. मैलोन्‌मैल पाणी पसरलं आणि जर्मन तिथे चार वर्षं अडले. त्या खंदकांत फ्लेमिश शिपाई आणि बहुतांशी फ्रेंच बोलणारे अधिकारी अशी फौज होती. 'आदेश कळले नाहीत म्हणून आमची मुलं मेली' ही भावना तिथे रुजली आणि फ्लेमिश चळवळीला नवं बळ मिळालं. इतिहासकार आज सांगतात की आदेश न कळून झालेल्या मृत्यूंची गोष्ट वाढवून सांगितली गेली. पण अपमान खोटा नव्हता. वेगळ्या, फ्लेमिश अक्षरांच्या थडग्यांसाठी त्यांना झगडावं लागलं, आणि त्यातली शेकडो थडगी १९२५ मध्ये फोडून रस्त्याच्या खडीत वापरली गेली.

त्यांच्या स्मरणार्थ १९३० मध्ये बांधलेला आयझर मनोरा मार्च १९४६ मध्ये रात्री स्फोटाने पाडला गेला. दुसऱ्या महायुद्धात चळवळीतल्या काहींनी नाझींना साथ दिली होती, त्याचा राग. नवा ८४ मीटर उंच मनोरा १९६५ पासून उभा आहे, पायथ्याशी जुन्याचे अवशेष तसेच ठेवलेत. आत उत्तम संग्रहालय आहे. वर 'पुन्हा कधीही युद्ध नको' असं चार भाषांत लिहिलंय. लिफ्टने सगळ्यात वर जा, मग जिने उतरत मजल्यामागून मजला बघा.

एक सूचना सगळ्यांसाठी. शेताच्या कडेला, विजेच्या खांबापाशी गंजलेला लोखंडी तुकडा किंवा तोफगोळा दिसला तर हात लावू नका, फोटोसाठीही जवळ जाऊ नका. नांगरताना दर वर्षी असे गोळे निघतात, काहींत वायू अजून शाबूत असतो. शेतकरी ते बाजूला ठेवतात आणि लष्कराचं पथक येऊन नेतं.

आजीचा_डबा

सगळ्यांचे आभार. बाबांच्या आजोळी, सातारा जिल्ह्यात, चावडीवर एक दगडी पाटी आहे. 'या गावातून इतके लोक १९१४-१९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांतले इतके वारले' अशी. नावं नाहीत, फक्त आकडे. बाबांचा आग्रह आहे की त्यांतलं कुणी फ्रान्सला होतं का ते शोधायचं. कसं शोधावं?

खडकीकर

ताई, आधी एक स्पष्ट करतो म्हणजे बाबांची निराशा होणार नाही. साताऱ्याकडचे बहुतेक जण मराठा पलटणींत होते आणि त्या पलटणी प्रामुख्याने मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी एप्रिल १९१६ मध्ये पडलेल्या कूतच्या वेढ्यात होत्या. त्यांची नावं बसराच्या स्मारकावर शोधावी लागतील. फ्रान्स-फ्लँडर्समध्ये मराठी माणूस सापडण्याची शक्यता जास्त ती सॅपर्समध्ये आणि १०७ व्या पायोनियर्समध्ये.

राष्ट्रकुल युद्ध-समाधी आयोगाच्या संकेतस्थळावर शोध मोफत आहे. नुसतं आडनाव टाकू नका, कारण त्या नोंदींत बहुधा पहिलंच नाव असतं आणि स्पेलिंग कारकुनाच्या कानाप्रमाणे. स्मारक 'नव-शापेल' निवडा, पलटण '३ री सॅपर्स अँड मायनर्स' निवडा, आणि जी यादी येईल ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा. काही नोंदींत वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो. 'सातारा', 'पुणे', 'रत्नागिरी' यांची जुनी इंग्रजी स्पेलिंग डोळ्यासमोर ठेवा. नाव मिळालं की शेजारी फलकाचा क्रमांक असतो, तो लिहून घ्या आणि जूनमध्ये बाबांना थेट त्या फलकापाशी न्या. पाटीवर आकडेच असले तरी गावाचं नाव मला निरोपातून कळवा, इकडून खडकीत काय मिळतं ते मीही बघतो.